पार्बताआत्याचा कान

पार्बताआत्याने मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या कपाळावर टिचकी मारली. मी नुकतीच माप ओलांडून सासरच्या घरात पाऊल टाकलं होतं आणि भोवती जमलेल्या बायका नव्या सुनेचा रंग, नाक, दंडातली वाकी पाहत होत्या. तेवढ्यात ही उंच, काटकुळी बाई गर्दीतून पुढे आली, तिने बोटाचं पेर वाकवून माझ्या कपाळावर टक् केलं आणि आपला उजवा कान माझ्या तोंडापाशी आणला. सगळ्या बायका हसल्या. ती हसली नाही.

"चांगली भाजली हाये," ती म्हणाली. "एका बाजूनं जराशी कच्ची वाजते. व्हईन पक्की."

मी सातवी पास झालेली मुलगी. माझे वडील रिसोडच्या शाळेत शिपाई होते आणि त्यांच्या हट्टापायी शिकलेली अशी आमच्या भोयांत तेव्हा मी एकटीच असेन. मला तो अपमान वाटला. आपण काय मडकं आहोत का, असं मनात आलं. पुढे कळलं की आत्या सगळ्यांनाच अशी वाजवून पाहते. बाजारात माठ, टरबूज, परात हे तर झालंच, पण गावात नवे मास्तर आले तेव्हा तिने त्यांची लोखंडी पेटी वाजवून पाहिली होती आणि "आत काईच नाई मास्तर तुमच्या" असं सांगून मोकळी झाली होती. ते बोलणं पेटीबद्दल होतं की मास्तरांबद्दल, यावर गावात बरेच दिवस वाद चालला होता.

आत्या म्हणजे माझ्या सासऱ्यांची थोरली बहीण. तिचं लग्न रिठदला झालं होतं. नवऱ्याने दुसरी केली आणि ही सरळ माहेरी निघून आली. त्याबद्दल कोणी हळहळलं की ती म्हणायची, "तिथं पयल्या दिसापासूनच बद्द वाजत व्हतं. म्या तीन सालं बसली, हे माही चूक." मी गेले तेव्हा माझ्या सासूबाई हयात नव्हत्या. घरात सासरे, म्हणजे आमचे मामाजी; भासरे, म्हणजे माझ्या नवऱ्याचे थोरले भाऊ, आणि त्यांची बायको, म्हणजे माझ्या जाऊबाई; आम्ही दोघं, आणि या सगळ्यांवर आत्या.

आमचं गाव पैनगंगेच्या काठावर आणि नदीपलीकडे मोगलाई. निजाम जाऊन दोन-चार वर्षं झाली होती, पण जुन्या सवयीने सगळे मोगलाईच म्हणत. उन्हाळ्यात नदी गुडघाभर पाण्याची. तेव्हा आम्हा नावाड्यांना कोणी विचारत नसे. आषाढापासून कार्तिकापर्यंत मात्र पलीकडे जायचं तर आमच्याच नावेने. ही नाव साधी नव्हती. आंब्याच्या खोडाचे दोन लांबलचक डोंगे शेजारीशेजारी ठेवून आडव्या लाकडांनी जखडलेले आणि वर फळ्यांची बैठक. एकटा डोंगा पुरात कलंडतो, जोडीचा कलंडत नाही. त्या दोन डोंग्यांना आत्याने नावं दिली होती, जेठानी आणि देरानी. थोरली जाऊ आणि धाकटी जाऊ. "दोघीची तोंडं दोन दिशेले," ती म्हणायची, "पन बांधल्या एकाच घरात. जाईन कुठी?"

दोन्ही डोंग्यांच्या मागे एकेक सुकाणू होतं. सागवानाची रुंद फळी, तिला दांडा, आणि दोन्ही दांडे एका वेळूने जोडलेले. तो वेळू मामाजींच्या हातात असायचा. उन्हाळ्यात नाव काठावर ओढून ठेवली की या फळ्या वाळायच्या आणि उभ्या तडकायच्या. मग आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, झाली की सगळं घर सुकाणू बांधायला बसायचं. हे काम आत्याचं. ते तिला तिच्या वडिलांनी शिकवलं होतं, मामाजींना नाही. "माह्या भावाले हात हायेत, कान नाई," असं ती मामाजींच्या समोरच सांगायची आणि मामाजी मान हलवून कबूल करायचे.

काम असं होतं. रिसोडच्या बाजारातून राळ आणायची. भासरे ती कुटायचे, आमचे हे जाळ सांभाळायचे आणि जवसाच्या तेलात राळ विरघळवायची आत्याने. मग जुन्या लुगड्याचा तुकडा त्यात भिजवून फळीवर अंथरायचा आणि लाटण्याने त्यातली हवा बाहेर काढायची. एक दिवस वाळवायचं की दुसरा थर. असे सात थर. वाळल्यावर ते असे घट्ट व्हायचे की कोयतीनेही निघत नसत. पण त्यासाठी कापड पार जुनं लागायचं, धुऊन धुऊन त्यातली खळ गेलेलं. कोऱ्या कापडात खळ असते आणि ती राळेला आत शिरू देत नाही. म्हणून आत्या प्रत्येक तुकडा आधी जिभेला लावून पाहायची. घरातल्या प्रत्येक बाईच्या लुगड्याचा तुकडा त्यात गेलाच पाहिजे, अशी रीत होती. माझ्या गेलेल्या सासूबाईंचंही एक लुगडं आत्याने जपून ठेवलं होतं आणि दरवर्षी त्यातला वीतभर तुकडा ती लावायची.

आणखी एक रीत होती. सुकाणू ज्याने बांधलं त्याने पहिला फेरा करायचा. नावेत दुसरं कोणी बसवायचं नाही. जो बांधतो तो आणि सुकाणू धरणारा, एवढेच दोघं. फेरा सुखरूप झाला की मग गावाने नावेत पाय ठेवायचा.

माझ्या लग्नानंतरची ती पहिलीच आखाजी. जाऊबाईंनी आपला तुकडा दिला, आत्याने आपला काढला आणि माझ्याकडे पाहून म्हणाली, "तुहं लुगडं नवं हाये. तू पुढच्या साली देजो."

बोलणं सरळ होतं. पण पाणी भरता भरता जाऊबाई म्हणाल्या, "घराच्या सुकानात जिचं लुगडं नाई, ते अजून पावनीच." त्या मुद्दाम बोलल्या असतील असं आज मला वाटत नाही. तेव्हा मात्र ते मला फार लागलं. सतरा-अठरा वर्षांचं वय. ते घर आपलं व्हावं याची मला घाई झाली होती. माझ्या लग्नाच्या डाळिंबी लुगड्याचा आतला वीतभर तुकडा मी फाडला, नदीवर दोनदा खळबळून घेतला आणि वाळवून ठेवला. दोन पाण्यातून काढला म्हणजे खळ गेली, असं मी आपल्या मनाने ठरवून टाकलं. सातवी पास होते ना.

चौथ्या दिवशी आत्या म्हणाली, "आजचा थर तू लाव. हात बसला पायजे." जाऊबाईंचा जिभेला लावून पारखलेला तुकडा तिने माझ्या हातात दिला आणि ती राळेकडे वळली. मी तो तुकडा कमरेला खोचला आणि माझा डाळिंबी तुकडा राळेत बुडवून देरानीच्या सुकाणूवर अंथरला. राळेत सगळ्याच कापडांचा रंग काळपट होतो, कोणाच्या काही लक्षात आलं नाही. जाऊबाईंचा तुकडा मी चुलीत घातला. त्या दिवशी मला भारी आनंद झाला होता, हे लिहायला आज लाज वाटते. भाकरी थापताना मी गुणगुणत होते.

सात थर झाले, वाळले. आत्या डोळे मिटून वाजवायला बसली. वीत वीत पुढे सरकत टिचकी मारायची आणि कान लावायचा. जेठानीचं सुकाणू झालं. देरानीच्या सुकाणूवर अर्ध्यात आली आणि थांबली. पुन्हा वाजवलं, पुन्हा थांबली.

"इथं पोकळ वाजते का वं?" तिने जाऊबाईंना विचारलं.

"मले काय समजते, आत्या?"

मग तिने माझ्याकडे पाहिलं. "तुही कानं कोवळी हायेत. तू आयक बरं."

मी वाकले आणि टिचकी मारली. आवाज वेगळा होता. अगदी थोडा, पण वेगळा.

"नाई आत्या," मी म्हणाले, "सारखंच वाजते."

मामाजी तिकडून ओरडले, "पार्बता, नदी का तुह्यासाठी थांबून राह्यली? आन ते सुकान इकडं." आत्याने आणखी तीनदा वाजवलं. मग कानात करंगळी घालून हलवली आणि उठली. "माहाच कान भरला असन," ती म्हणाली. तिला असं म्हणताना घरातल्या कोणीही कधी ऐकलं नव्हतं. मामाजी तर हसलेच. पहिल्या फेऱ्याला ती एकटी पुढे बसून गेली आणि आली. पाणी उथळ होतं, सगळं नीट झालं. मीही झाली गोष्ट विसरायला लागले.

श्रावणातला सोमवार होता. नदी दोन्ही काठ भरून चालली होती. मोगलाईच्या बाजूने नाव निघाली तेव्हा तिच्यात सहा माणसं होती. त्यांत एक बाई तान्हं लेकरू घेऊन माहेरी येत होती. मामाजी सुकाणूवर, भासरे आणि आमचे हे वल्ह्यांवर. मी आणि आत्या अलीकडच्या घाटावर भांडी घासत होतो. पुराचा आवाज एवढा की शेजारचं बोललेलं ऐकू येत नव्हतं. एकदम आत्याने मान वर केली.

"गेलं," ती म्हणाली.

"काय गेलं?"

"देरानीचं सुकान."

नाव अजून सरळच होती. मला काहीही ऐकू आलं नव्हतं. ती बोलली आणि त्यानंतर नाव गर्रकन फिरली. एक सुकाणू फुटलेलं, दुसरं धड. ते धड होतं म्हणूनच नाव आडवी झाली आणि खालच्या अंगाला, पाण्यात अर्ध्या बुडालेल्या बाभळींवर जाऊन आदळली. माणसं फांद्यांना धरून वर चढली. ते तान्हं लेकरू भासऱ्यांनी एका हाताने डोक्यावर धरलं होतं. सगळे वाचले. पण आदळताना बांध सुटले आणि दोन डोंग्यांच्या मध्ये मामाजींचा गुडघा चेपला. तो पाय नंतर कधी सरळ झाला नाही.

फुटलेल्या सुकाणूची फळी पुरात वाहून गेली होती. त्यामुळे पाहणाऱ्याला त्यात काय होतं ते कळायला मार्ग नव्हता. ते एकट्या मला माहीत होतं. आणखी एक गोष्टही मला एकटीलाच माहीत होती. त्या गोंगाटात, एवढ्या अंतरावरून, फळी तडकल्याचा आवाज ऐकणारा कान भरलेला नव्हता.

चौथ्या दिवशी मारुतीच्या ओट्यावर गाव जमलं. पाटील म्हणाले, "पार्बताबाई, सुकान कोनं बांधलं?"

"म्या बांधलं."

"वाजवून पाह्यलं व्हतं?"

ती म्हणू शकली असती की पाहिलं होतं, चांगलं होतं, पूरच मोठा होता. कोणी तिला काही म्हटलं नसतं. पण ती म्हणाली, "पाह्यलं व्हतं. एका जागी मले शंका आली. पन मले वाटलं, माहाच कान चुकला. मानसायचा जीव नावेत बसवाचा, अन् म्या शंका गियली. चूक माही हाये."

बायकांच्या घोळक्यात, डोक्यावरचा पदर पुढे ओढून मी उभी होते. एक वाक्य बोलायचं होतं. मी पदर आणखी पुढे ओढला. घरात मामाजी खाटेवर कण्हत होते. ज्या सुनेने त्यांचा पाय मोडला तिला ते घर ठेवून घेईल का, हा एकच विचार डोक्यात होता. आत्याने कान असून तो खोटा ठरवून घेतला आणि मी कानांवर हात ठेवले.

गावाने ठरवलं की यापुढे सुकाणू आत्याने बांधायचं नाही. भासऱ्यांनी बांधायचं. आत्या "बरं" म्हणाली आणि घरी येऊन तिने लाटणं जाऊबाईंच्या हातात दिलं.

त्या दिवसापासून तिने वाजवणं सोडलं. घर एकदम मुकं झाल्यासारखं वाटायचं. दाराला, रांजणाला, पोराटोरांच्या डोक्याला टिचकी मारत हिंडणारी बाई आता हात पदराखाली घेऊन बसायला लागली. गावात तिला "बहिरी पार्बता" म्हणू लागले. पोरं मागून हाका मारून पाहायची आणि तिला सगळं ऐकू येत असूनही ती वळायची नाही. एकदा मी तिच्यासोबत शेलूबाजारला एका नातेवाइकाकडे गेले होते. तिथल्या बाजारात तिने एक माठ उचलला. बोट वाकवलं, तसंच मिटलं आणि माठ माझ्यापुढे धरला.

"पाय बरं वं, चांगला हाये का? मले आता भरोसा नाई राह्यला."

मी टिचकी मारली आणि "चांगला हाये" म्हणाले. तिने निमूटपणे घेतला. वाटेत ती म्हणाली, "मडकं बरं. वाजवलं त खरं सांगते. मानूस नाई सांगत." ती हे आपल्या रिठदच्या नवऱ्याबद्दल बोलत होती. पण मला ते पुढचे दोन कोस पुरलं.

सांगायचं मी रोज ठरवायची. मामाजी काठी घेऊन चालायला लागले की सांगू. मग मला दिवस गेले. बाळंतपण झालं की सांगू. मग मुलगा झाला आणि माझी घरातली जागा पक्की झाली, आता कशाला सांगू. अशी चार वर्षं गेली. घरात माझं कौतुकच होतं, आल्यागेल्याचे कागद वाचून दाखवायची म्हणून. दरम्यान आत्याचं वय झालं आणि तिला खरोखरच ऐकू येईनासं झालं. आधी पाखरांचे आवाज गेले, मग माझ्या मुलाचं बोबडं बोलणं. लोक म्हणाले, पाहा, आम्ही म्हणतच होतो. आणि तीही मान हलवून म्हणायची, "तवापासूनच जात असन. मले समजलं नाई."

त्या साली आखाजीनंतर भासऱ्यांनी सुकाणू बांधायला काढलं. सगळं घर घाटावर बसलं होतं. पलीकडच्या वाडीतले चार लोक, दोन-तीन भोयांची घरं, पाण्याला आलेल्या बायका, सगळे होते. आत्या बाजूला बाभळीखाली तूर निवडत होती. जाऊबाई मला म्हणाल्या, "दर साली टाळलं तू. या साली तुहं लुगडं लागीन. लय मऊ झालं आता."

मी घरी जाऊन ते डाळिंबी लुगडं आणलं. नेसून नेसून, धुऊन धुऊन त्याचा रंग पार उडाला होता. फाडताना ते आवाजही न करता फाटलं. हातात तो तुकडा घेऊन मी आत्याजवळ गेले. तिच्या कानाशी वाकून हळूच सांगायचं, तिचं तिला कळलं म्हणजे झालं, असा माझा बेत होता. चार वर्षांनी आलेला शहाणपणाही चोरटाच होता.

"आत्या," मी कुजबुजले, "त्या साली चवथा थर माहा व्हता."

"काय म्हन्तं?"

जरा मोठ्याने म्हणाले. "कोरं लुगडं व्हतं, आत्या."

"पोराचं लुगडं? पोराले लुगडं कायले?"

मागे कोणीतरी हसलं. मी वळून पाहिलं. सगळे आपापल्या कामात होते. तिच्या डोळ्यांत मला काय सांगायचंय ते समजून घ्यायची धडपड होती आणि ती मला पाहवेना. मग मी ओरडले. पुरात पलीकडच्या काठाला हाक मारतात तशी ओरडले.

"सुकान म्या फोडलं, आत्या! चवथा थर माह्या लग्नाच्या लुगड्याचा व्हता! कोरा व्हता! तुमाले आयकू आलं व्हतं ते बरोबर व्हतं! म्या खोटं सांगतलं! तुमचा कान चांगला व्हता!"

भासऱ्यांच्या हातातलं लाटणं तसंच राहिलं. आमचे हे माझ्याकडे पाहत होते आणि मग त्यांनी मान खाली घातली. मामाजी काठीवर जोर देऊन उठले, पाय ओढत घराकडे चालू लागले. पुढे महिनाभर त्यांनी माझ्या हातचं पाणी घेतलं नाही. मग घेतलं, पण त्याबद्दल एक शब्दही ते कधी बोलले नाहीत.

आत्या मात्र तुरीचं सूप मांडीवर ठेवून बसून राहिली. ऐकू आलं की नाही, मला कळेना.

"मंग मले आयकू आलं व्हतं?" ती म्हणाली.

मी होकाराची मान डोलावली.

"त्या दिसी. वाजवलं तवा."

"हो आत्या."

"चार सालं," ती म्हणाली. "चार सालं म्या माह्याच कानाले शिव्या देल्या वं." तिचा आवाज रागाचा होता. मला वाटलं आता ती मारील, आणि मारावं असंच मला वाटत होतं. ती उठली. सूप खाली पडलं, तूर सगळीकडे सांडली. माझ्यासमोर उभी राहून तिने बोटाचं पेर वाकवलं आणि माझ्या कपाळावर टिचकी मारली. कितीतरी दिवसांनी. उजवा कान तिने माझ्या तोंडाजवळ आणला आणि डोळे मिटून ती उभी राहिली. मग तिने डोळे उघडले आणि माझा हात धरून तो माझ्याच कपाळावर ठेवला.

"मले नाई आयकू येत आता," ती म्हणाली. "कसं वाजते, तूच आयकत जाय. अन् खरं सांगजो."